शिरोरेषा तुटू नये म्हणून

‘बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र’ हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळद-संशोधन संस्थेचे नाव वर्डप्रेस या साइट घडवण्याच्या प्रणालीत कोऱ्या पानावर मथळा म्हणून टाकून पाहावे. मोबाइलच्या पडद्यावर ते तीन-चार ओळींत मोडते आणि थीमची, म्हणजे साइटचे रूप ठरवणाऱ्या फायलींच्या संचाची, परीक्षा तिथेच सुरू होते. परदेशात घडलेल्या बऱ्याच थीममध्ये मथळ्याच्या ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या १.१ किंवा १.२ पट धरलेले असते. रोमन लिपीला तेवढे पुरते. मराठीत वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात, खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा, अनुस्वार वर जातात आणि दोन्हींची टक्कर होते. म्हणून मराठीसाठी थीम करणारा पहिला आकडा बदलतो तो हाच. मथळ्याला १.४ च्या आसपास, मजकुराला १.७ किंवा त्याहून जास्त.

समजा, त्याच हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात, साखऱ्याला, एखाद्या शेतकरी गटाला स्वतःची साइट हवी आहे. हळद-सोयाबीनचे भाव, पेरणीच्या सूचना, सभांची इतिवृत्ते. वाचणारे बहुतेक मोबाइलवर वाचणार, तेही उन्हात, शेताच्या बांधावर उभे राहून. या साइटची थीम आज कशी घडते, ते जवळून पाहण्यासारखे आहे.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ‘बीटू’ नावाच्या मुक्त प्रणालीतून ती उभी केली. पुढची बरीच वर्षे थीम करणे म्हणजे पीएचपी या संगणकभाषेतल्या फायली लिहिणे होते: डोक्याची एक, पायथ्याची एक, एकेका लेखाची वेगळी. मथळ्याचा रंग बदलायचा तरी कोड उघडावा लागे. डिसेंबर २०१८ मध्ये पाचव्या आवृत्तीसोबत ‘गुटेनबर्ग’ हा ब्लॉकचा, म्हणजे सुटे तुकडे जुळवून पान रचण्याचा, संपादक आला, जुलै २०२१ मध्ये ‘थीम डॉट जेसन’ ही फाइल आली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘ट्वेंटी ट्वेंटी-टू’ ही ब्लॉकवर उभी राहिलेली पहिली मूळ थीम मिळाली. आता चालती थीम होण्यासाठी दोनच फायली पुरतात: नाव-गाव सांगणारी एक सीएसएस फाइल आणि ‘टेम्प्लेट्स’ या फोल्डरमधली एक एचटीएमएल फाइल. त्या दुसऱ्या फाइलमध्येही मजकूर नसतोच. इथे लेखाचे नाव येईल, इथे तारीख, इथे यादी, एवढ्या ब्लॉकच्या खुणा असतात.

मग काम उरते कुठे? ‘थीम डॉट जेसन’मध्ये. या एका फाइलमध्ये साइटचे सगळे निर्णय लिहिलेले असतात. कोणते रंग मिळतील, अक्षरांचे आकार किती, स्तंभाची रुंदी किती, वापरणाऱ्याला काय बदलता येईल आणि काय नाही. अक्षरांच्या आकाराला कमीत कमी आणि जास्तीत जास्त मर्यादा घातली की पडद्याच्या रुंदीप्रमाणे अक्षर आपोआप लहानमोठे होते. प्रत्येक मोबाइलसाठी वेगळे नियम लिहीत बसायची गरज उरलेली नाही. कोड कमी झाला, पण विचार वाढला, आणि तो फार चांगला बदल आहे.

कारण या निर्णयांचे तयार आकडे इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून ठरलेले असतात. अक्षरांमधल्या अंतराचेच घ्या. रोमन मथळा देखणा दिसावा म्हणून डिझायनर अक्षरे किंचित जवळ आणतात किंवा लांब सारतात. देवनागरीत ती लांब सारली की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि ‘हळद’ हा एक शब्द न राहता तीन सुटी अक्षरे होतात. जवळ आणली तर काने एकमेकांवर चढतात. तेव्हा इथे आकडा शून्यच हवा, आणि संपादकातली ती सोयच बंद करून ठेवावी. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करणारा ‘ड्रॉप कॅप’ही बंद केलेला बरा. ‘प्रशिक्षण’ने सुरू होणाऱ्या परिच्छेदात मोठे काय करायचे, नुसता ‘प’ की अख्खा ‘प्र’, यावर सगळ्या ब्राउझरांचे एकमत होईलच याची खात्री नसते.

फाँटचे काम सर्वांत नाजूक. जोडाक्षरांसाठी देवनागरी फाँटमध्ये शेकडो आकार भरलेले असतात, त्यामुळे त्याची फाइल रोमनपेक्षा जड होते. गावातल्या नेटवर्कवर हा जडपणा जाणवतो. म्हणून साधे आणि ठळक अशी अक्षराच्या जाडीची दोनच वजने घ्यावीत, आणि फाँट थीमच्या फोल्डरमध्येच ठेवावा. ठळक वजन गाळून मात्र चालत नाही. ते नसेल तर ब्राउझर साध्या अक्षरालाच जाड करतो आणि ‘ष्ठ’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजून जातात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ मुक्त परवान्याखाली मिळतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ आणि ‘नोटो सान्स देवनागरी’ही तसेच मिळतात.

‘नोटो’मध्ये तर एक सुंदर व्यवस्था आहे. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे दिसतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला प्रमाणित केली, तेव्हाही या दोन अक्षरांच्या वळणाकडे लक्ष दिले होते. ‘नोटो’च्या पोटात दोन्ही वळणे आहेत. कोणते दाखवायचे हे तो पानाच्या भाषेवरून ठरवतो. पानाच्या कोडच्या सुरुवातीलाच भाषा ‘एमआर’ अशी नोंदलेली असेल तर मराठी ल उमटतो. तिथे इंग्रजी राहिली असेल तर मजकूर अस्सल मराठी असूनही हिंदी वळणाचा ल येतो. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की ही नोंद आपोआप होते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही हीच नोंद पाहून आवाज निवडते. एका छोट्या निवडीवर इतके अवलंबून असताना मराठी मजकुराच्या साइट इंग्रजी सेटिंगवर चालवल्या जाव्यात, हे खटकते.

वसमतच्या त्या नावाकडे पुन्हा यावे लागते ते पत्त्यासाठी. लेखाच्या शीर्षकावरून वर्डप्रेस त्याचा वेबपत्ता बनवते आणि त्याला २०० चिन्हांची मर्यादा घालते. पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, नऊ रोमन चिन्हांनी लिहिले जाते. म्हणजे मराठीला जेमतेम २२ चिन्हे मिळतात. हिशेब मांडला तर पत्ता ‘बाळासाहेब-ठाकरे-हरिद्रा’ इथे संपतो. संशोधन, प्रशिक्षण आणि केंद्र तिन्ही बाहेर! उपाय साधा आहे. लेख चढवतानाच आखूड पत्ता हाताने द्यायचा, आणि थीमसोबतच्या सूचनांत हे मराठीत लिहून ठेवायचे.

थीमच्या स्वतःच्या शब्दांचीही अशीच काळजी घ्यावी लागते. ‘पुढे वाचा’, ‘मागील लेख’ असे शब्द एचटीएमएल टेम्प्लेटमध्ये लिहिले तर त्यांचा अनुवाद होत नाही. ते ‘पॅटर्न्स’च्या, म्हणजे ब्लॉकच्या तयार रचनांच्या, पीएचपी फायलींत ठेवावे लागतात, तरच तीच थीम उद्या तेलुगू किंवा उर्दू साइटलाही चालते. नांदेड-हिंगोलीच्या पट्ट्यात ही गरज दूरची नाही.

थीम हातात दिल्यावर गटातले कोणीतरी साइट एडिटर, म्हणजे वर्डप्रेसमधला साइटची रचना बदलण्याचा पडदा, उघडून पायथा बदलणार, आणि बदलावाच. तो बदल थीमच्या फाइलमध्ये जात नाही, डेटाबेसमध्ये साठतो. नंतर थीमची नवी आवृत्ती चढवली तरी पायथा गटाने बदललेलाच दिसत राहतो आणि थीम करणारा बुचकळ्यात पडतो. ‘क्रिएट ब्लॉक थीम’ हे प्लगइन असे बदल पुन्हा फायलींत उतरवून देते. नवी आवृत्ती करण्याआधी ते चालवायचे. रंगांच्या बाबतीत मात्र मोकळीक आवरती ठेवावी. हळदीचा पिवळा पांढऱ्यावर वाचता येत नाही, उन्हात तर नाहीच. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट लागतो. म्हणून पिवळा पट्टीपुरता, अक्षरे गडद तपकिरी, आणि ‘थीम डॉट जेसन’मध्ये हवा तो रंग निवडण्याची सोय बंद.