पोर्ट क्रमांक १५७४०

डिजिटल कॅमेरा आणि संगणक यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, हे ठरवून देणारं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा क्रमांक आयएसओ १५७४०. वायफाय असलेला कॅनन किंवा निकॉनचा कॅमेरा नेटवर्कवर आला, की संगणकाची हाक ऐकण्यासाठी तो एक पोर्ट उघडून बसतो. त्या पोर्टचा क्रमांकही १५७४०. मानकाचा आणि पोर्टचा आकडा एकच आहे, हे ज्याच्या पहिल्यांदा लक्षात येतं, तो या विषयातून सहसा बाहेर पडत नाही.

कॅमेरा वापरणाऱ्या बहुतेकांना या पोर्टची गाठ कधी घ्यावी लागत नाही. त्यांच्यासमोर असतं ते कंपनीचं ॲप, त्यावरचं ‘कनेक्ट’चं बटण आणि गोल फिरणारं चिन्ह. जोडणी झाली तर फोटो फोनवर येतात. नाही झाली तर कार्ड काढून रीडरमध्ये घालायचं, हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय असतोच. पण त्या फिरणाऱ्या चिन्हामागे जे संभाषण चालतं, ते इतकं नेटकं आणि विचारपूर्वक रचलेलं आहे की त्याची ओळख करून घ्यायलाच हवी.

आधी थोडा इतिहास. कोडॅकचा डीसीएस १०० हा कॅमेरा १९९१ मध्ये आला. निकॉन एफ३च्या बॉडीवर बसवलेला, १.३ मेगापिक्सेलचा. फोटो साठवणारं यंत्र वेगळं, खांद्याला अडकवायचं आणि केबलने कॅमेऱ्याला जोडायचं. १९९४ मध्ये ॲपलचा क्विकटेक सिरियल केबलवर चालत असे. त्या वाटेने सेकंदाला १,१५,२०० बिट इतका वेग मिळाला तरी एक मेगाबाइटचा फोटो यायला दीड मिनिट लागतं. पुढे यूएसबी आलं आणि वेग वाढला. पण प्रत्येक कंपनीची भाषा निराळी, प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर ड्रायव्हरची निराळी सीडी. या गोंधळावर उपाय म्हणून २००० साली अमेरिकेतल्या पीमा या उद्योगसंघटनेने ‘पिक्चर ट्रान्स्फर प्रोटोकॉल’ म्हणजे पीटीपी मंजूर केला. तोच पुढे आयएसओ १५७४० झाला.

पीटीपीत कॅमेऱ्याचं कार्ड संगणकाच्या ताब्यात जात नाही. पेन ड्राइव्ह जोडला की त्याच्या कोणत्या कप्प्यात काय लिहायचं हे संगणक ठरवतो. पीटीपीत मात्र कार्डाचा कारभार कॅमेऱ्याकडेच राहतो. संगणकाने फक्त विचारायचं आणि कॅमेऱ्याने उत्तर द्यायचं. प्रत्येक फोटोला कॅमेरा एक ३२ बिटी क्रमांक देतो, त्याला हँडल म्हणतात. ‘अमुक हँडलचा फोटो दे’ म्हटलं की तो देतो. कार्डाची मांडणी कशी आहे, फाइल आत कुठे पडली आहे, याची चौकशी संगणकाला करावीच लागत नाही. पुढे हे संभाषण तारेवरून हवेत नेणं सोपं गेलं, त्याचं कारण हेच. प्रश्न आणि उत्तरं कोणत्याही वाटेने जाऊ शकतात.

ही शब्दसंपदा षोडशमान पद्धतीच्या आकड्यांत लिहिलेली आहे. १००१ म्हणजे ‘तू कोण, तुला काय काय येतं?’ १००२ म्हणजे ‘बैठक सुरू करू या.’ १००७ पाठवला की कॅमेरा सगळ्या हँडलांची यादी देतो, १००८ पाठवला की एखाद्या फोटोचं नाव, आकार आणि तारीख सांगतो. १००९ पाठवला की प्रत्यक्ष फोटो येऊ लागतो. सगळं ठीक झालं तर शेवटी कॅमेरा २००१ म्हणतो. उलट दिशेने, कॅमेऱ्याला स्वतःहून काही कळवायचं असेल तर त्याच्याकडे घटनांचे आकडे आहेत. ४००२ म्हणजे ‘नवा फोटो तयार झाला.’

हीच भाषा टीसीपी/आयपी नेटवर्कवर बोलण्याची पद्धत फोटोनेशन या कंपनीने रचली. जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या सीपा या संघटनेने २००५ मध्ये ती डीसी-००५ या क्रमांकाने मानक म्हणून स्वीकारली. नाव पीटीपी-आयपी. या रचनेतला सर्वात देखणा भाग असा, की संगणक कॅमेऱ्याच्या त्या एकाच पोर्टवर दोन स्वतंत्र जोडण्या उघडतो. पहिलीवरून आज्ञा आणि फोटो जातात, दुसरीवरून फक्त घटना. असं का? यूएसबीवर पीटीपीला तीन वाटा मिळत होत्या : एक जायची, एक यायची आणि तिसरी, लहानशी, कॅमेऱ्याने घटना कळवायची. टीसीपीची जोडणी मुळातच दुहेरी असल्यामुळे पहिल्या दोन वाटा तिच्यात एकत्र मावल्या. तिसरीसाठी वेगळी जोडणी राखली. त्यामुळे पहिल्या वाटेवर २५ मेगाबाइटची रॉ फाइल सरकत असतानाही ‘आणखी एक फोटो काढला’ ही बातमी खोळंबत नाही.

ओळख करून देण्याचा विधीही नेमका आहे. संगणक आपला १६ बाइटचा ओळखक्रमांक आणि माणसाला वाचता येईल असं नाव पाठवतो. कॅमेरा आपला क्रमांक, आपलं नाव आणि एक जोडणी क्रमांक परत देतो. दुसरी जोडणी उघडताना तोच जोडणी क्रमांक सांगायचा, म्हणजे दोन्ही वाटा एकाच संगणकाच्या आहेत हे कॅमेऱ्याला कळतं. प्रत्येक पाकिटाची सुरुवात चार बाइटच्या लांबीने आणि चार बाइटच्या प्रकाराने होते. सगळे मिळून चौदा प्रकार. त्यातला तेरावा आणि चौदावा केवळ ‘आहेस ना?’ आणि ‘आहे’ एवढ्यासाठी. वायरशार्क या मोफत सॉफ्टवेअरला ही भाषा उलगडता येते. त्याच्या पडद्यावर ही पाकिटं एकामागून एक उतरताना पाहणं हा या विषयातला सर्वात मोठा आनंद आहे, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे.

पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या परिसरातल्या एका छोट्या स्टुडिओत दागिन्यांच्या कॅटलॉगचं शूट चालू असताना हे संभाषण कामाला लागलेलं पाहायला मिळालं. टेबलावर ठुशी, वर दोन सॉफ्टबॉक्स, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि भिंतीलगत मोठा मॉनिटर. क्लिक झाल्यावर थोड्याच वेळात फोटो मॉनिटरवर येई आणि मण्यांवरची चमक जास्त झाली की नाही, हे दुकानाचे मालक, मांडणी करणारी मुलगी आणि फोटोग्राफर तिघंही एकदमच पाहत. फोटोग्राफरने एक शहाणी युक्ती केली होती. रॉ फाइल कार्डावरच ठेवायची आणि मॉनिटरसाठी फक्त लहान जेपेग पाठवायचा. त्यामागचं गणित साधं आहे. वायफायवर प्रत्यक्षात सेकंदाला २० मेगाबिट मिळत असतील तर २५ मेगाबाइटच्या रॉ फाइलला १० सेकंद लागतात, अडीच मेगाबाइटच्या जेपेगला एक. केबल हा खात्रीचा मार्ग खराच, पण ओवाळणीच्या ताटाभोवती फिरत फोटो काढायचे असतील तर ती पायात येते.

मंगल कार्यालयात मात्र हेच गणित बिघडतं. कॅमेऱ्यांचं वायफाय बरीच वर्षं २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातच होतं आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. पाहुण्यांचे शेकडो फोन, कार्यालयाचं स्वतःचं वायफाय, डीजेवाल्याचं ब्लूटूथ, सगळे तिथेच. भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्‌झमधली ६०५ मेगाहर्ट्‌झची ऐसपैस जागा मोकळी व्हायला २०१८ उजाडलं. लग्नाच्या हॉलमध्ये बिनतारी काम करायचं असेल तर ५ गिगाहर्ट्‌झ चालणारा कॅमेरा आणि स्वतःचा छोटा राउटर याला पर्याय नाही.

प्रिंटरची गोष्ट याहून चतुर आहे. संगणक मध्ये न घेता कॅमेऱ्यावरूनच थेट प्रिंट काढता यावी, म्हणून कॅनन, फुजी, एचपी, ऑलिंपस, एप्सन आणि सोनी यांनी मिळून पिक्टब्रिज तयार केलं. २००३ च्या फेब्रुवारीत ते सीपाचं मानक झालं. अडचण अशी होती, की यूएसबीत विचारण्याचा हक्क एकाच बाजूला असतो. इथे तो प्रिंटरकडे होता. आणि हुकूम तर कॅमेऱ्याने द्यायचा! यावर काढलेला तोडगा पाहून रचनाकारांना दाद द्यावीशी वाटते. ‘माझ्याकडे एक वस्तू आहे, ती घेऊन जा’ अशी घटना कॅमेरा कळवतो. प्रिंटर नेहमीच्या पीटीपी पद्धतीने ती वस्तू मागतो. ती निघते डीपीएस हा प्रत्यय असलेली एक छोटी फाइल आणि तिच्यात एक्सएमएलमध्ये हुकूम लिहिलेला असतो : अमुक फोटो, अमुक कागद, इतक्या प्रती. प्रिंटरही आपलं उत्तर तशीच फाइल लिहून कॅमेऱ्यात ठेवतो. नव्या आज्ञांची सगळी भाषा जुन्या भाषेच्या पोटात घालून पाठवली.

नेटवर्कवरही हा मार्ग लवकरच गेला. निकॉनने २००५ च्या सप्टेंबरमध्ये कूलपिक्स पी१ आणि पी२ हे वायफाय कॅमेरे जाहीर केले. त्यांच्यासाठी पीडी-१० नावाचा वेगळा अडॅप्टर मिळत असे. तो प्रिंटरच्या पिक्टब्रिजच्या खाचेत बसवला की साधा प्रिंटरही बिनतारी फोटो छापू लागे. आता प्रिंटर स्वतःच वायफायवर असतो. फोनवरून किंवा संगणकावरून येणारं काम तो बहुधा आयपीपी या पद्धतीने, ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर घेतो. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत मात्र ‘वायफाय प्रिंटर’चा पर्याय पिक्टब्रिजच्याच वाटेने जातो.

इथे सेल्फी या कॅननच्या छोट्या प्रिंटरबद्दल लिहायला हवं. त्यात शाई नसते, रंगाची फीत असते. कागद चार वेळा पुढे-मागे फिरतो. आधी पिवळा, मग मॅजेंटा, मग निळसर सायन आणि शेवटी पारदर्शक थर. उष्णतेने रंगाची वाफ होऊन तो कागदात शिरतो, त्यामुळे हातात पडलेला फोटो लगेच कोरडा असतो. सीपी१५०० या मॉडेलला एका पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटला सुमारे ४१ सेकंद लागतात. म्हणजे तासाला फार तर ८७, तेही कागद आणि फीत बदलायला थांबलं नाही तर. पण ट्रेमध्ये कागद मावतात १८ आणि एक फीत पुरते ३६ प्रिंटना. बारशाच्या किंवा मुंजीच्या घरगुती समारंभाला हे यंत्र उत्तम. रिसेप्शनच्या रांगेसाठी रोलवर चालणारं मोठं यंत्रच लागतं.

वृत्तछायाचित्रकारांनी वेगळी वाट निवडली. त्यांच्या कॅमेऱ्याला कुणी फोटो मागायची गरज नसते. क्लिक झाला की कॅमेराच तो एफटीपीने दूरच्या सर्व्हरवर ढकलतो. निकॉनने २००३ मध्ये डी२एचबरोबर डब्ल्यूटी-१ हा ट्रान्समिटर याच कामासाठी आणला. कॅननच्या ईओएस-१डी एक्सच्या बॉडीतच गिगाबिट लॅनची खाच आली. मैदानाच्या कडेला बसलेल्या छायाचित्रकाराचा फोटो षटक संपायच्या आत संपादकासमोर पोचतो, तो असा.

पीटीपीची एक मोठी उणीवही सांगायला हवी. त्यात ना विचारणाऱ्याची खरी ओळखपरेड आहे, ना बोलणं झाकण्याची सोय. २००० साली कॅमेऱ्याला फक्त केबल होती आणि केबल मालकाच्याच हातात असे, त्यामुळे हे चाललं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीचे संशोधक इयाल इटकिन यांनी कॅनन ईओएस ८०डी कॅमेऱ्यावर वायफायवरून हल्ला करून दाखवला. पीटीपी हाताळणाऱ्या भागात त्यांना सहा त्रुटी सापडल्या. त्यांनी कार्डावरचे फोटो कुलूपबंद केले, तेही कॅमेऱ्याच्याच फर्मवेअरमधल्या सांकेतिकीकरणाच्या सोयी वापरून. कॅननने त्याच महिन्यात सुधारित फर्मवेअर दिलं. तेव्हापासून जाणकारांचा सल्ला ठाम आहे : विमानतळासारख्या ठिकाणच्या सार्वजनिक वायफायला कॅमेरा जोडू नये, काम झालं की वायफाय बंद करावं आणि फर्मवेअर अद्ययावत ठेवावं.

आणि मग बोलींचा प्रश्न. मानकाने ९ ने सुरू होणारे आज्ञांचे आकडे प्रत्येक कंपनीला तिच्या खास कामांसाठी मोकळे ठेवले. कंपन्यांनी त्यांचा भरपूर वापर केला आणि अर्थ बहुतांशी स्वतःजवळ ठेवले. कॅननचे ईओएस कॅमेरे घटना आपणहून कळवत नाहीत. सॉफ्टवेअरला ९११६ ही आज्ञा पुन्हा पुन्हा पाठवून ‘काही घडलं का?’ असं विचारत राहावं लागतं. फुजीने तर पोर्टच बदललं, त्यांचे कॅमेरे ५५७४० वर ऐकतात. एकच मानक पाळणाऱ्या कॅमेऱ्यांना एकच सॉफ्टवेअर का चालत नाही, याचं उत्तर इथे आहे. विकत घेतलेल्या कॅमेऱ्याशी कसं बोलायचं हे मालकाला कळण्यात कंपनीचं काहीही नुकसान नाही.

ही कोंडी फोडली ती स्वयंसेवकांनी. लिबजीफोटो२ हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प अडीच हजारांहून अधिक कॅमेऱ्यांशी बोलतो. त्याचा पीटीपीचा भाग मार्कस माइसनर वर्षानुवर्षं सांभाळत आले आहेत. कंपनीचं ॲप बंद पडलं किंवा नव्या फोनवर चालेनासं झालं, तरी लिनक्स टाकलेल्या जुन्या लॅपटॉपवर या सॉफ्टवेअरला ‘पीटीपीआयपी’ आणि कॅमेऱ्याचा आयपी पत्ता एवढं सांगितलं की अनेक कॅमेरे उत्तर देऊ लागतात. निकॉनचा कॅमेरा स्वतःचं नेटवर्क तयार करतो तेव्हा तो पत्ता १९२.१६८.१.१ असतो.

अलीकडे कंपन्याही थोड्या मोकळ्या होत आहेत. सोनीने कॅमेरा रिमोट एसडीके मोफत दिला आहे. कॅननच्या कॅमेरा कंट्रोल एपीआयमध्ये पीटीपीची गरजच उरत नाही. कॅमेरा थेट एचटीटीपीवर बोलतो आणि उत्तरं जेसनमध्ये देतो. त्यासाठी डेव्हलपर म्हणून नोंदणी करावी लागते आणि कॅमेऱ्यात ती सोय एकदा चालू करावी लागते. मग मात्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगासुद्धा पायथनच्या काही ओळींत कॅमेऱ्याला फोटो काढायला लावू शकतो आणि तोच फोटो घरच्या वायफाय प्रिंटरकडे पाठवू शकतो.