पाणजू बेटावर एक दिवस

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे प्रवासाची आवड पुष्कळच वाढली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. सुटी लागली कीं कोणी काश्मीरला जातात, कोणी अंदमानास; ज्यांचीं मुलें परदेशीं स्थायिक झालीं आहेत, ते स्कॉटलंड-आयर्लंडचीं बेटें पाहून येतात व तेथील छायाचित्रें आपणांस कौतुकानें दाखवितात. त्या आनंदास आमचा मुळींच विरोध नाहीं. परंतु आम्हां भाईंदरकरांच्या अगदीं उंबरठ्याशीं एक बेट आहे. त्यावरून रोज असंख्य माणसें ये-जा करतात, आणि त्यांतलें क्वचितच कोणी तेथें पाऊल ठेवतें. त्या बेटाचें नांव पाणजू. गेल्या माघ महिन्यांत आम्ही उभयतां तेथें एक दिवस घालवून आलों. त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

भाईंदर व नायगांव या दोन स्टेशनांच्या मध्यें वसईची खाडी आहे. उल्हास नदीचें पाणी या खाडीवाटे समुद्रास मिळतें. रेल्वेमार्गापाशीं खाडीचे दोन ओघ होतात, आणि त्या दोन ओघांच्या मध्यें पाणजू वसलें आहे. १८६४ सालीं बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग गुजराथेंतून मुंबईस येऊन पोंचला, तेव्हां दोन्ही ओघांवर पूल बांधून रूळ या बेटावरून नेले गेले. पूल पुढें बदलले, रूळ वाढले, वाफेचीं इंजिनें जाऊन विजेच्या गाड्या आल्या. पण बेटावर स्टेशन कधीं झालें नाहीं. पाणजूच्या मुलास गाडीचा आवाज पाळण्यांतच ओळखीचा होतो. गाडींत बसण्यासाठीं मात्र त्याला आधीं होडींत बसावें लागतें. आमचीही तीच गत. पाणजूस जावयाचें, म्हणून आम्ही गाडींतून पाणजूच ओलांडून नायगांवास उतरलों आणि तेथून होडीनें मागें आलों.

या प्रवासाला वेळापत्रक लागतें तें रेल्वेचें नव्हे, पंचांगाचें. आपल्या घरीं पंचांग भिंतीवर असतें तें एकादशी, चतुर्थी व मुहूर्त पाहण्यासाठीं. खाडीकांठचा कोळी वा आगरी त्यांतून भरती-ओहोटी काढतो. त्याचा हिशेब सोपा आहे : तिथीचा आंकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल, सुमारें तितक्या वाजतां पूर्ण भरती. आम्ही गेलों त्या दिवशीं शुद्ध द्वादशी होती. बारांचे पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळीं नवाच्या सुमारास भरती आणि तिसऱ्या प्रहरीं तीनला ओहोटी. यांत चमत्कार कांहीं नाहीं. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही त्याच्याबरोबर तितकीच पुढें सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचें आकर्षण एका रेषेंत येऊन उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावतें, त्यास हे लोक भांग म्हणतात. आपण ज्या तिथीला उपास करतों, त्याच तिथीवर शेजारच्या गांवाची होडी चालते, हें आपल्यापैकीं किती जणांच्या ध्यानीं येतें?

होडींत आमच्याखेरीज बाजारहाट करून परतणाऱ्या तीन बायका, तांदळाचें एक पोतें व शाळेचें दप्तर घेतलेला एक मुलगा, इतकी मंडळी होती. पश्चिमेकडे तोंड केलें कीं उजव्या हातास वसईच्या किल्ल्याची बाजू येते, डाव्या हातास उत्तनकडील धारावीच्या टेकड्यांची. १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं आधीं धारावी घेतली व नंतर वसई. कारण खाडीचें मुख ज्याच्या हातीं, त्याच्याच हातीं वसईची रसद, हें चिमाजीअप्पांच्या सैन्यानें ओळखलें होतें. इतिहासाच्या पुस्तकांत हें आम्हीं वाचलें होतें. पाण्यावर बसल्यावर तें उमगलें.

गांवांत मोटार नाहीं. गल्ल्या माणसांच्या पायांपुरत्या आहेत; त्यांतून चालतांना आपल्या पावलांचा आवाज आपणांस ऐकूं येतो, आणि दर थोड्या मिनिटांनीं डोक्याच्या उंचीवरून गाडी गेली कीं बोलणारीं माणसें अर्ध्या वाक्यावर थांबतात. गाडी गेली कीं वाक्य पुरें करतात. मासेमारी, मिठागरें आणि खाडीची रेती यांवर या कांठाचीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या जगलीं. रेतीचा उपसा यंत्रांनीं बेसुमार होऊं लागल्यापासून किनारे ढासळूं लागले, आणि तरुण मंडळी आतां मुंबईच्या नोकरीकडे वळलीं आहेत.

एका ओटीवर बसलेल्या वृद्ध बाईंनीं आमच्या मंडळींस विचारलें, “बाय, कोणाकडे आलीस?”

“कोणाकडे नाहीं, आजी. गांव पाहायला आलों.”

“गांव तर गाडींतून रोज दिसतो,” म्हणून त्या हंसल्या, आणि न मागतां त्यांनीं आम्हांस पाण्याचा तांब्या दिला. चहूंकडे खाऱ्या पाण्याचा वेढा असलेल्या जागीं त्या तांब्याची किंमत निराळी असते.

पुढें बोलतां बोलतां गाडीचा विषय निघाला, आणि त्यांचें हंसें मावळलें. गाडी पुलावर आली कीं प्रवासी निर्माल्याच्या पिशव्या खाडींत फेंकतात. त्यांत फुलें असतात, तसबिरी असतात, नारळही असतात. बेटावरचीं माणसें होडी नसली म्हणजे पुलाच्या कडेच्या अरुंद वाटेनें चालत नायगांवास वा भाईंदरास जातात. २०२५ च्या सप्टेंबरांत या वाटेनें निघालेल्या पाणजूच्या एका तरुणाच्या डोक्यावर असाच फेंकलेला नारळ बसला आणि त्यांत त्याचा अंत झाला. ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडींतून सुटलेला नारळ नुसता खालीं पडत नाहीं. गाडीचा वेग, सेकंदास पन्नास फुटांहून अधिक, त्याच्या अंगीं असतोच. गोफणींतला धोंडा आणि तो नारळ यांत मग अंतर उरत नाहीं.

ज्यानें तो फेंकला, त्याच्या मनांत बहुधा भक्तीच असेल. देवास वाहिलेलें फूल कोणाच्या पायदळीं येऊं नये, म्हणून तें वाहत्या पाण्यांत सोडावें, ही भावना सुंदर आहे. पण तेंच फूल प्लास्टिकच्या पिशवींत बांधून धांवत्या गाडींतून भिरकावलें, म्हणजे तें धड पाण्यासही मिळत नाहीं व मातीसही नाहीं. चिखलांत तिवरांच्या मुळांशीं तें कुजत पडतें. आणि त्या पिशवीच्या मार्गांत माणूस असूं शकतो, हें खिडकींत बसलेल्यास सुचत नाहीं, कारण त्याच्या लेखीं खालीं गांवच नसतें, असतो तो केवळ देखावा.

येथें आम्हांस आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाशीं असलेल्या ग्रेट ब्लास्केट बेटाची आठवण झाली. तें किनाऱ्यापासून अवघ्या कांहीं किलोमीटरांवर. पण वादळी समुद्रामुळें आठवडेच्या आठवडे तुटलेलें. तेथील टोमास ओ क्रिहन नांवाच्या कोळ्यानें आपलें आत्मचरित्र आयरिश भाषेंत लिहिलें. १९२९ सालीं प्रसिद्ध झालेलें तें पुस्तक आज त्या वाङ्मयाचें भूषण मानलें जातें. परंतु पुस्तकाच्या कीर्तीनें बेटावर डॉक्टर आला नाहीं. १९४७ सालीं वादळांत अडकलेल्या बेटकऱ्यांनीं राष्ट्राचे मुख्य प्रधान डी व्हॅलेरा यांस तारेनें अन्न मागितलें, आणि १९५३ सालीं उरल्यासुरल्या वस्तीस सरकारनें किनाऱ्यावर आणून वसविलें. आज उन्हाळ्यांत पर्यटक होडींतून तेथें जातात, पडक्या घरांचीं छायाचित्रें घेतात आणि सायंकाळीं परततात.

पाणजूचें तसें होऊं नये. खाडीवरील रस्त्याच्या पुलाची चर्चा दहा वर्षांहून अधिक काळ चालू आहे. बेटावर पर्यटन वाढविण्याच्याही योजना निघाल्या. आम्हां शहरवासीयांस पूल नकोसा वाटण्याचा संभव आहे, कारण आम्हांस शांतता हवी असते. पण ती शांतता एका दिवसाच्या पाहुण्यास गोड लागते. रात्रीं अडलेल्या बाळंतिणीस ती गोड लागत नाहीं. म्हणून आधीं गांवकऱ्यांस निर्धोक वाट, मग पाहुण्यांची सोय, हाच क्रम योग्य होय. त्यासाठीं पाणीही उपयोगी पडूं शकतें : फेब्रुवारी २०२४ मध्यें भाईंदर ते वसई रो-रो होडी सुरू झाली, तेव्हां रस्त्यानें सुमारें अडतीस किलोमीटरांचें अंतर पाण्यावरून साडेतीनांवर आलें.

पांच वाजतां, पाणी पुन्हां चढूं लागल्यावर, आम्ही परतीच्या होडींत बसलों. वाचकांपैकीं कोणास पाणजूस जावेंसें वाटल्यास पंचांग पाहून निघावें, आपलें पाणी व फराळ बरोबर न्यावा, द्रोण-पत्रावळीसुद्धां परत आणावी, आणि कोणाच्या दारांत छायाचित्र घेण्यापूर्वीं परवानगी विचारावी. ज्यांस जाणें जमणार नाहीं, त्यांनींही एक गोष्ट करावी. रोजचें निर्माल्य घरच्या कुंडींत किंवा अंगणांतल्या आंब्याच्या बुंध्याशीं मातींत मिसळावें. देवास वाहिलेलें फूल त्यानें पायदळीं येत नाहीं, झाडास खत मिळतें, आणि पुलावरून चालणारा माणूस सुखरूप घरीं पोंचतो.