आकाशातील घड्याळे आणि टेकडीवरची डबी

पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ या संस्थेच्या प्रांगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. त्यांपैकी आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत कृष्णविवरांच्या चर्चेपुरताच आहे, असा ग्रह करून घेऊन जो विद्यार्थी तेथून बाहेर पडतो आणि मोबाइलवर वेताळ टेकडीची वाट शोधू लागतो, त्याचा तो ग्रह त्याच क्षणी खोटा ठरलेला असतो.

उपग्रहांद्वारे स्थाननिश्चिती म्हणजे वस्तुतः कालमापनच होय. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह आपला संदेश कोणत्या क्षणी निघाला हे अहोरात्र कळवीत असतात. प्रवासाच्या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर हाती येते. तीन अंतरांवरून स्थान ठरते आणि मोबाइलमधील घड्याळ सामान्य प्रतीचे असल्याने त्याची चूक काढण्यासाठी चौथ्या उपग्रहाची साक्ष घ्यावी लागते. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार वेगामुळे उपग्रहावरील आण्विक घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडते, तर उंचीवर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते; उरणारा ३८ मायक्रोसेकंदांचा फरक क्षुल्लक भासला, तरी तेवढ्या अवधीत प्रकाश ११ किलोमीटरांहून अधिक मजल मारतो, म्हणून ही घड्याळे उड्डाणापूर्वीच किंचित मंद लावून धाडतात. असे रुबिडियमचे आण्विक घड्याळ भारतानेही घडविले असून २९ मे २०२३ रोजी ते ‘नाविक’ या भारतीय स्थाननिश्चिती प्रणालीच्या एनव्हीएस-०१ उपग्रहातून अंतराळात गेले.

जीपीएसच्या नागरी संकेतांत हेतुतः मिसळलेली चूक अमेरिकी सरकारने मे २०००च्या आरंभी काढून घेतली, आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगॉनच्या रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून जिओकॅशिंगचा छंद जन्मला: डबी शोधावी, आतील वहीत नाव नोंदवावे, वस्तू घेतल्यास तोलामोलाची दुसरी ठेवावी. अक्षांशाच्या एका मिनिटाचा सहस्रांश म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर, परंतु आयनांबरात संदेश रेंगाळतो, पेठांतील उंच इमारतींच्या भिंतींवरून तो परावर्तित होतो, आणि अखेरच्या काही मीटरांत यंत्राचा अंमल संपून डोळसपणाचा सुरू होतो.

याच कारणास्तव पालकांनी व शिक्षकांनी हा खेळ मुलांना अवश्य शिकवावा. मात्र शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूंत डबी ठेवू नये, कोठेही जमीन खणू नये, आणि टेकडी वन खात्याच्या हद्दीत असल्यास आधी रीतसर परवानगी घ्यावी.