पक्ष्यांच्या शोधात निघताना : वाटाड्याची निवड

तंजावूरचा राजवाडा पाहावयास येणाऱ्या प्रवाशाला दारातच वाटाडे भेटतात. दरबार महाल, सरस्वती महाल ग्रंथालय, उंच मनोरा, देवमाशाचा सांगाडा असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. त्यात वावगे काही नाही. वास्तू जागची हलत नसल्यामुळे तिची माहिती एकदा पाठ केली म्हणजे पुरे होते. परंतु त्याच भिंतींभोवती सायंकाळी घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्यांविषयी विचारले, तर पाठ केलेल्या माहितीचा उपयोग होत नाही. पक्षी काल जेथे होता तेथे आज असेलच असे नाही. म्हणून पक्षी दाखविणारा वाटाड्या वेगळ्या कसोटीने निवडावा लागतो.

या राजवाड्याचा पक्ष्यांशी जुना संबंध आहे. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेले सरफोजीराजे दुसरे यांनी चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रे काढून घेतली. त्यांतील काही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. राजाची जिज्ञासा आणि चित्रकाराचा हात यांची आपण वाखाणणी करतो, आणि ती योग्यच आहे. पण रानातला पक्षी आपण होऊन चित्रकारापुढे येऊन बसत नाही; कोणीतरी तो धरून आणलेला असतो. तो कोणत्या झाडावर उतरतो, केव्हा पाण्यावर येतो, हे त्या माणसाला ठाऊक असते. या शास्त्राचा पाया अशा फासेपारध्यांनी घातला, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

अर्वाचीन काळातील उदाहरण फार दूरचे नाही. पूर्वी तंजावूर जिल्ह्यात आणि 1991 पासून नागपट्टिनम जिल्ह्यात असलेल्या कोडिक्करै येथे 1967 साली अभयारण्य झाले. हिवाळ्यात रोहित पक्षी आणि चिखलात चरणारे लहान-मोठे पाणपक्षी तेथे मोठ्या संख्येने येतात. त्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यांच्या पायांत वाळी घालण्याचे काम तेथे केले, आणि त्यासाठी थेट बिहारमधील मीरशिकारांचे साहाय्य घेतले. पक्षी धरणे हा या लोकांचा पिढीजात व्यवसाय. पंख किंवा पाय न दुखावता जिवंत पक्षी हाती घेणे, हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी पक्षी धरून विकण्याचा धंदा बंद झाला. हे आवश्यकच होते. मात्र धंद्याबरोबर ज्ञानही बुडावे, हे कोणाच्याच हिताचे नाही. ते टिकविण्याचा एक सरळ मार्ग म्हणजे अशा माणसाला दिवसाची मजुरी देऊन वाटाड्या म्हणून सोबत घेणे.

उत्तरेकडील अरण्यांत जाणाऱ्याला हे अधिकच लागू पडते. अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट परिसरात पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांना 1995 साली एक अपरिचित पक्षी दिसला. 2006 साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, ते पक्षी न मारता, गळालेल्या पिसांच्या आणि छायाचित्रांच्या आधारे. त्या पक्ष्याला तेथील बुगून जमातीचे नाव मिळाले. 2017 साली सिंगचुंग गावच्या बुगून लोकांनी आपल्या सुमारे 17 चौरस किलोमीटर रानाचे सामुदायिक राखीव क्षेत्र केले. ज्यांच्या गावात प्रवाशाचा पैसा पोचतो, त्यांना रान उभे राहण्यात स्वारस्य असते. बाहेरून आणलेल्या वाटाड्याला ते तितके असतेच असे नाही.

आता व्यवहाराची बाजू. मोबदला दिवसाच्या हिशेबाने ठरवावा, दाखविलेल्या पक्ष्यांच्या संख्येवर कधीही नाही. संख्येवर बक्षीस ठेवले, की वाटाड्या घरट्यापर्यंत नेतो, झुडपांवर खडे मारतो, ध्वनिमुद्रित आवाज पुनःपुन्हा वाजवून विणीच्या काळात नराला हैराण करतो. यात दोष त्याचा थोडा आणि घाई करणाऱ्या पाहुण्याचा जास्त. आवाज वाजवायचा की नाही, घरट्याजवळ किती थांबायचे, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट बोलून घ्यावे. पैसे प्रवासी संस्थेमार्फत दिल्यास प्रत्यक्ष वाटाड्याच्या हाती किती पडतात, तेही विचारावे. हा प्रश्न विचारण्यात काही संकोच नको.

पारख करण्याची एक साधी रीत आहे. दूरवर ओझरता दिसलेला पक्षी कोणता, असे विचारावे. जो 'नीट दिसला नाही' असे म्हणतो तो विश्वासाचा. प्रत्येक सावलीला नाव देणाऱ्याबरोबर यादी लांबते, पण ज्ञान वाढत नाही.

दूरच्या प्रवासापूर्वी घराजवळ सराव करावा. तंजावूरहून जवळच, अरियलूर जिल्ह्यात, करैवेट्टीचे तळे आहे. 2024 साली त्याचा रामसर यादीत समावेश झाला. हिवाळ्यात तेथे पट्टकादंब हंस उतरतात. ते हिमालयापलीकडून आलेले असतात. बांधावरून पहाटे एखाद्या गावकऱ्याबरोबर चालून पाहावे. त्याला शास्त्रीय नावे येत नसतील. पण वारा फिरला की थवा कोणत्या बाजूला सरकतो, हे तो बरोबर सांगेल. मग ईगलनेस्टला जाण्यासाठी लागणारा इनर लाइन परवाना काढावा, आणि निघावे.