अंगतपंगत आणि माझी कोशिंबीर

अंगतपंगतीचा नियम सोपा आहे. ज्याने त्याने आपला डबा आणावयाचा, गोल करून बसावयाचे आणि सर्वांनी सर्वांचे खावयाचे. कार्तिकात आवळीखाली जेवण्याची आपली जुनी चाल असो की वर्गाची सहल असो, प्रकार तोच. मात्र त्यात एक गोष्ट कोणी बोलून दाखवीत नाही. कोणाचा डबा चाटूनपुसून रिकामा झाला आणि कोणाचा भरलेलाच राहिला, हे सर्वांना दिसत असते.

गेल्या वर्षी तो भरलेला डबा माझा होता.

मी केनवडहून एस.टी.ने ये-जा करते. घरी एकच म्हैस. तिचे दूध डेअरीला जाते व त्यावर महिन्याचा किराणा भागतो. पैनगंगेकाठी सहल ठरली तेव्हा आईने दीड लिटर दूध डेअरीला न घालता माझ्यासाठी विरजले. मी पहाटे उठून काकडी किसली, त्यात दही, मीठ, साखर, दाण्याचा कूट घातला, वरून चरचरीत फोडणी दिली आणि झाकण लावले. घरी चव अप्रतिम होती. दुपारी एक वाजता झाकण उघडले तेव्हा वर हिरवट पाणी, खाली चोथा आणि नाकाला झोंबणारा आंबट वास. आमच्या एका सरांनी भिडेखातर चमचाभर घेतली. उरलेली मी दूर नेऊन ओतली, तर तेथे चरणाऱ्या गाईने हुंगून तोंड फिरविले! डबा नदीवर लख्ख धुतला आणि घरी आईला सांगितले, "सगळी संपली."

यंदा पुन्हा सहल निघाली तेव्हा मी आजीला खरे काय ते सांगितले. ती एवढेच म्हणाली, "काकडीले मीठ लावलं का ते रडते, बाई."

विज्ञान शाखेचे मित्र याला परासरण म्हणतील. काकडीत शंभर भागांत सुमारे ९५ भाग पाणी असते. बाहेर मीठ असले की पेशींतले पाणी तिकडे ओढले जाते. ताटात वाढून लगेच खाल्ली तर हे कळत नाही. पण पहाटे पाच ते दुपारी एक म्हणजे आठ तास! तेवढ्यात काकडी जेवढे रडायचे तेवढे रडून घेते. तेव्हा तिला आधीच रडू द्यावे. किसण्याऐवजी बारीक चोचवावी, मीठ लावून अर्धा तास ठेवावी आणि घट्ट पिळून घ्यावी. मग दह्यात निराळे मीठ घालूच नये. बटाटे मिठाच्या पाण्यात उकडले की तेवढे पुरते.

दुसरा अपराधी दही. त्यातले जंतू कोमट हवेत फार जोमाने वाढतात आणि आंबटपणा वाढवीत जातात. यावर उपाय श्रीखंडाचा. आदल्या सकाळी विरजण लावले, संध्याकाळी दही फडक्यात बांधून खुंटीला टांगले. निवळीबरोबर पाणी तर जातेच, पण विरघळलेला आंबटपणाही बराच निघून जातो. सकाळी दीड लिटरच्या दह्याचा जेमतेम निम्मा चक्का उरला. हिवाळ्याची रात्र असल्यामुळे हे साधले. चैत्र-वैशाखात कोणी टांगून ठेवाल तर सकाळी चक्का आंबट ढाण झालेला मिळेल. निवळ टाकू नये, भाकरीचे पीठ त्यात भिजवावे. चक्क्यात अर्धी वाटी गार साय घालून घोटले की तो लोण्यासारखा मऊ होतो. आणि हो, घरात जुना पितळेचा डबा असेल व त्याची कल्हई गेली असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. दही कळकते. स्टीलचा डबा बरा.

भाज्यांत मी अर्धा किलो बटाटे, अर्धा किलो कोहळे (पुण्याकडचे लोक ज्याला तांबडा भोपळा म्हणतात ते), पाव किलो गाजर आणि वाटीभर मटार घेतले. कोहळे वाफवायचे, पाण्यात उकडायचे नाही. नाहीतर ते स्पंजासारखे पाणी पिऊन बसते. सर्व भाज्या परातीत पसरून पूर्ण गार करायच्या. येथे घाई केली की संपले. गरम भाजीवर झाकण लावले तर वाफेचे पाणी पुन्हा डब्यातच पडते, आणि आतली ऊब भाजी नासवते. सुमारे ५ ते ६० अंश सेल्सिअस ही रोगजंतूंच्या भरभराटीची हद्द समजतात, आणि आपली दुपार त्या हद्दीत आरामात बसते.

शहरातल्या समारंभांत दिसणारे 'रशियन सॅलड' याच कुळातले. ऑलिव्हिए नावाच्या आचाऱ्याने १८६० च्या दशकात मॉस्कोच्या हर्मिटाज उपाहारगृहात ते प्रसिद्धीस आणले. त्यात दह्याच्या जागी मेयोनेज, म्हणजे अंड्याच्या बलकात थेंबथेंब तेल घोटून केलेला दाट रस असतो. रशियात हे नववर्षाला, बर्फाच्या दिवसांत खातात. कच्च्या बलकाचा तो पदार्थ वऱ्हाडातल्या दुपारी उघड्यावर न्यावा असे मला वाटत नाही. शिवाय आमच्या वर्गात अंडे न खाणारे पुष्कळ. चक्का आणि साय काम भागवितात.

चव आणण्याचे काम मात्र फेसलेल्या मोहरीचे. आजीने दोन चमचे मोहरी पाट्यावर थोड्या पाण्याबरोबर वाटून फेसली आणि मला वास घ्यायला सांगितले. डोळ्यांत पाणीच आले! अख्ख्या मोहरीला हा झणका नसतो. दाणा फुटून पाणी लागले की आतली दोन द्रव्ये एकमेकांना भेटतात आणि तिखटपणा जन्माला येतो. उकळत्या तेलात टाकलेल्या मोहरीत ही भेट होतच नाही. म्हणून मोहरी आधी पाण्यात फेसायची आणि मग चक्क्यात कालवायची. फोडणी जिरे-हिंगाचीच केली आणि तीही निववून. दाण्याचा कूट पुडीत वेगळा नेला व वाढताना मिसळला. सुटलेच असेल थोडे पाणी, तर ते तो पिऊन टाकतो.

डब्याला ओले फडके गुंडाळून खिडकीशी बसले. पाण्याचा एक ग्रॅम वाऱ्यावर उडून जाताना साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो; माठ गार राहतो तो याच न्यायाने. हिवाळ्यातली आमच्याकडची कोरडी हवा याला उत्तम. वाहकाने खाली ठिबकणारे पाणी पाहून, "मासोळ्या नेतेस का?" असे विचारले, एवढाच काय तो त्रास.

आमराईत पंचवीस जण बसलो होतो. माझा डबा गोल अर्धाच फिरला आणि संपला. पलीकडच्या बाजूने ओरड झाली. एका मैत्रिणीने शेवटी भाकरीचा तुकडा तळाशी फिरविला.

घरी आल्यावर आईने डबा उघडला. कडेला सुकलेल्या चक्क्याच्या रेघा होत्या.

"मांगच्या साली तं धुऊन आनला होता वं," ती म्हणाली. "यंदा काऊन नाही धुतला?"