ऋण आणि कर्ज : सार्जंट यॉर्कच्या घरची गोष्ट

मागच्या वेळी आपण ‘कर्तव्य’ या शब्दाचा विचार केला. त्यानंतर काही श्रोत्यांनी विचारलं की सर, हे सगळं पुस्तकातलं झालं, एखाद्या साध्या माणसाच्या आयुष्यात हे प्रश्न कसे येतात ते सांगा. रास्त मागणी आहे. म्हणून आज मी एका शेतकऱ्याची गोष्ट सांगणार आहे. तो शेतकरी आपल्याकडचा नाही, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या डोंगराळ भागातला आहे. पण ऐकता ऐकता तुम्हाला आपल्याकडची माणसं आठवतील, असा माझा अंदाज आहे.

त्याचं नाव अल्विन यॉर्क. जन्म १३ डिसेंबर १८८७. गाव पॉल मॉल, वुल्फ नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यात. लाकडी ओंडक्यांचं दोन खोल्यांचं घर आणि अकरा भावंडं. हा तिसरा. वडील थोडी शेती करायचे, जोडीला लोहारकाम. शेतीत भागत नाही म्हणून लोहारकाम, आणि लोहारकामात भागत नाही म्हणून शिकार. शाळा म्हणाल तर सगळी मिळून जेमतेम नऊ महिने. शेतात हात लागायचे तेव्हा शाळा सुटायची, हे आपल्याला नवीन नाही.

१९११ साली वडील गेले. थोरले दोघे भाऊ लग्न करून वेगळे झालेले. म्हणजे आई आणि धाकट्या भावंडांचा भार अल्विनवर आला. तो शेतीत राबला, लाकूडतोडीला गेला, रस्त्याच्या आणि रेल्वेच्या कामावर मजुरी केली. पण याच काळात दारू, जुगार, मारामाऱ्या हेही सुरू होतं. एका मित्राचा दारूच्या अड्ड्यावरच्या भांडणात जीव गेला. आईचं सांगणं होतंच. १९१५ च्या सुरुवातीला त्याने हे सगळं सोडलं आणि गावातल्या एका छोट्या ख्रिस्ती पंथात सामील झाला. त्या पंथाची शिकवण सरळ होती : माणूस मारायचा नाही.

इथपर्यंत एक सामान्य सुधारलेला माणूस. आता खरा प्रश्न येतो.

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. ५ जून १९१७ ला नावनोंदणी होती. अर्जात एक रकाना होता : सूट हवी आहे का? अल्विनने तिथे लिहिलं, लढायचं नाही. मंडळाने अर्ज फेटाळला. कारण काय दिलं? तर म्हणे तुमच्या पंथाचा बायबलखेरीज वेगळा असा लेखी धर्मसिद्धान्त नाही. आता बघा, सदसद्विवेकबुद्धी आहे की नाही हे ठरवायला सरकार कागद मागतं. ज्याच्याकडे छापील नियमावली आहे त्याचा विवेक खरा, आणि ज्याच्याकडे नुसता विवेक आहे त्याचा खोटा. त्याने वरती दाद मागितली, तीही फेटाळली गेली. नोव्हेंबर १९१७ मध्ये तो जॉर्जियातल्या छावणीत दाखल झाला.

तिथे एक विलक्षण गोष्ट घडली, जी लष्करात सहसा घडत नाही. त्याचे कॅप्टन डॅनफोर्थ आणि मेजर बक्स्टन या दोन अधिकाऱ्यांनी त्याला शिक्षा केली नाही. ते त्याच्याशी चर्चेला बसले, तीही बायबल पुढ्यात घेऊन. तो एक वचन काढायचा की शस्त्र उचलू नये, ते दुसरं काढायचे की पहारेकऱ्याने शत्रू येताना पाहूनही रणशिंग फुंकलं नाही तर रक्ताचा दोष त्याच्यावर येतो. शेवटी त्याला दहा दिवसांची रजा दिली, घरी जा आणि विचार कर म्हणून. मार्च १९१८ ची ही गोष्ट. तो गावी गेला, डोंगरावर एकटा बसला, प्रार्थना केली, आणि परत येऊन म्हणाला की मी जातो.

आपल्या श्रोत्यांना इथे कुरुक्षेत्र आठवलं असेल. आठवायलाच हवं. अर्जुनही म्हणतो की मला लढायचं नाही, आणि त्याच्याशीही कोणी तरी बोलतं. पण एक फरक ध्यानात घ्या. अर्जुन राजपुत्र होता, युद्ध त्याच्या घरचं होतं. यॉर्कचं युद्ध त्याच्या घरचं नव्हतं. युरोप कुठे आहे हेही त्या खोऱ्यातल्या कित्येकांना धड माहीत नसावं. शेतकऱ्याच्या पोराला दुसऱ्याच्या युद्धात जावं लागतं तेव्हा त्याचा प्रश्न अर्जुनापेक्षा अवघड असतो, असं मला वाटतं. आपल्याकडे त्याच महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. त्या ४६ जणांशी वचनं काढून चर्चा करायला कोणी बसलं होतं का? मला शंका आहे.

आता रणांगण. हा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण सिनेमावाल्यांनी तो पुरेसा सांगितला आहे. ८ ऑक्टोबर १९१८, फ्रान्समधलं आर्गोनचं जंगल. सतरा जणांची तुकडी शत्रूच्या पिछाडीला पोचली आणि तिने काही जर्मन पकडलेही. तेवढ्यात टेकडीवरच्या मशीनगन सुरू झाल्या. सहा जण ठार, तिघे जखमी, त्यांत तुकडीचा प्रमुखही. कॉर्पोरल यॉर्क आणि उरलेले सात शिपाई, एवढेच धड. यॉर्क एकेक नेम धरून मारत राहिला. मग सहा जर्मन संगिनी घेऊन रांगेत त्याच्यावर धावले. त्याने पिस्तुल काढलं आणि आधी सगळ्यात मागचा टिपला, मग त्याच्या पुढचा, असं करत शेवटी सगळ्यात पुढचा.

हे असं का? गावी रानातल्या टर्की पक्ष्यांची शिकार अशीच करतात. पुढचा पक्षी आधी पडला तर मागचे बघतात आणि पांगतात. मागून सुरुवात केली तर पुढच्यांना कळत नाही. वडिलांबरोबर रानात शिकलेली ही गोष्ट. घरच्या चुलीसाठी जी विद्या शिकला ती माणसांवर वापरावी लागली. मी ही ओळ अनेकदा वाचली आहे, आणि दर वेळी मला त्या शौर्यापेक्षा याचंच वाईट वाटतं.

शेवटी जर्मन अधिकाऱ्याने शरणागती पत्करली. एकूण १३२ कैदी घेऊन ही मूठभर माणसं परतली. यॉर्कला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. सोबतच्या काहींची पुढे तक्रार राहिली की आम्हीही तिथे होतो, श्रेय एकट्याला का? तीही तक्रार खोटी म्हणता येत नाही. लोकांना एकच नाव हवं असतं, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार! यॉर्कचं स्वतःचं म्हणणं मात्र साधं होतं. त्या मशीनगन थांबवल्या नसत्या तर आणखी माणसं मेली असती, म्हणून मी मारलं. म्हणजे ज्याने ‘मारू नये’ हा नियम धरला होता, त्याने शेवटी हिशेब मांडला. नियम आणि परिणाम यांतलं हे भांडण आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. त्या माणसाला ते काही मिनिटांत सोडवावं लागलं, आणि पुढे आयुष्यभर ते सुटलं नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

मे १९१९ मध्ये तो परतला. न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली. सिनेमा, रंगमंच, जाहिराती, सगळीकडून पैशाच्या मागण्या आल्या. त्याने नाकारल्या, कारण लढाईत जे केलं ते विकायचं नाही अशी त्याची धारणा होती. गावी जाऊन ७ जूनला त्याने ग्रेसी विल्यम्स या शेजारच्याच मुलीशी लग्न केलं. लग्न राज्याच्या गव्हर्नरने लावलं. त्याने स्वीकारलेली मोठी भेट एकच : शेत. नॅशव्हिलच्या रोटरी क्लबने पुढाकार घेऊन त्याच्यासाठी सुमारे ४०० एकर जमीन घ्यायची ठरवली. शेतकऱ्याला शेत द्यावं, यापेक्षा चांगली कृतज्ञता कोणती?

पण जमीन हप्त्यांवर घेतली होती. आणि ती नुसती जमीन होती. अवजारं, जनावरं, बियाणं काही नाही. शेत उभं करायला यॉर्कनेच कर्ज काढलं. त्यातच युद्ध संपल्यावर शेतमालाचे भाव कोसळले. युद्धात युरोप उपाशी होता तोवर अमेरिकन धान्याला भाव होता, युरोप पुन्हा पेरू लागला तसा भाव पडला. वर्गणी आटली, हप्ते थकले आणि बोजा यॉर्कवर आला. १९२१ साली देशाच्या सर्वांत गाजलेल्या वीराला लोकांपुढे सांगावं लागलं की माझं शेत जाण्याच्या बेतात आहे. वर्तमानपत्रांतून त्याच्या घरच्या पैशांची चर्चा झाली, तेव्हा कुठे वर्गण्या येऊन त्यातून वाट निघाली.

आपल्या परंपरेत ‘ऋण’ हा फार मोठा शब्द आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. यात कोणी तारण लिहून घेत नाही, आणि ते पैशाने फिटतही नाही. ‘कर्ज’ वेगळं, त्याला हप्ता असतो, व्याज असतं, जप्ती असते. समाजाने म्हटलं की या माणसाचं आमच्यावर ऋण आहे, आणि प्रत्यक्षात त्याच्या नावावर कर्ज चढवलं. कोणी दुष्टपणे केलं असं मी म्हणत नाही. उत्साहात केलं. भाषण करताना शेत द्यायला काही लागत नाही, पण तिसऱ्या वर्षीचा हप्ता भरायला भाषण उपयोगी पडत नाही.

माझे एक चुलते पलटणीतून परतले होते. लहानपणी मी त्यांना एवढंच पाहिलं की पहाटे उठून नांगराला बैल जुंपायचे आणि लढाईबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. आम्ही पोरं विचारायचो, काका, तुम्ही किती मारले? ते म्हणायचे, पाणी भरून आणा. घर चालायचं ते चुलतीच्या हातांवर. ते नसताना पेरणी-कापणी तिनेच निभावली होती. म्हणून मी म्हणतो की सैनिकाच्या आयुष्याचा हिशेब मांडायचा तर सगळ्या घराचा मांडा. यॉर्क छावणीत आणि फ्रान्समध्ये होता तेव्हा गावाकडे म्हातारी आई आणि भावंडं शेत ओढत होती. त्यांना कोणी पदक दिलं नाही.

यॉर्कने पुढे काय केलं तेही सांगितलं पाहिजे. नऊ महिने शाळा शिकलेल्या या माणसाने ठरवलं की आपल्या डोंगरातल्या मुलांना शाळा हवी. वर्षानुवर्षं गावोगाव भाषणं करून पैसा जमवला. स्थानिक पुढाऱ्यांशी भांडणं झाली. १९२६ मध्ये जेम्सटाउनला यॉर्क संस्था सुरू झाली. मुलांना शाळेत आणायच्या बसच्या खर्चासाठी त्याने आपलं शेत गहाण ठेवलं. मिळालेलं शेत कर्जात होतं, तेच सुटल्यावर पुन्हा गहाण, पण या वेळी स्वतःच्या मर्जीने. ऋण कसं फेडायचं हे समाजाला कळलं नव्हतं, त्याला कळलं होतं.

युद्धाबद्दलचं त्याचं मत बदलत राहिलं. १९३० च्या दशकात तो म्हणू लागला की त्या महायुद्धातून काही साधलं नाही, आणि शांततेच्या बाजूने बोलला. १९४१ पर्यंत हिटलरचं रूप दिसल्यावर तो उलट म्हणू लागला की आता लढायला हवं. सिनेमालाही त्याने अखेर होकार दिलेला होता, बायबल शिकवणारी शाळा काढायला पैसा हवा म्हणून. गॅरी कूपरला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. आणि दुसऱ्या महायुद्धात हाच यॉर्क, ज्याने लढायचं नाही असं लिहून दिलं होतं, आपल्या जिल्ह्याच्या भरती मंडळाचा प्रमुख झाला. ज्या टेबलाच्या अलीकडे तो उभा होता त्याच्या पलीकडे बसला.

सिनेमाच्या पैशाने पुन्हा तेच झालं. तो बहुतेक देऊन टाकला होता, पण प्राप्तिकर खात्याने कर मागितला. वाद वर्षानुवर्षं चालला, व्याजासह मागणी १ लाख ७० हजार डॉलरच्या वर गेली. १९५४ पासून पक्षाघाताने तो अंथरुणाला खिळलेला. अखेर १९६१ मध्ये २५ हजार डॉलरवर तडजोड झाली, तीही लोकांनी गोळा केलेल्या निधीतून. २ सप्टेंबर १९६४ ला तो गेला. वुल्फ नदीच्या काठी, आपल्याच गावात त्याला पुरलं.

व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं, “सर, मग त्याचा निर्णय बरोबर होता की चूक?” मी त्यांना म्हणालो, लढावं की नाही यावर त्याने तीनदा मत बदललं, आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत स्वतः मोजली. मत बदलणारा माणूस कच्चा, असं आपण पटकन म्हणतो. मला तसं वाटत नाही. ज्याने एकदाच ठरवून पुन्हा कधी विचार केला नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते.

दुसऱ्या एकाने विचारलं की आम्ही काय करावं? फार मोठं काही नाही. तुमच्या गावात कोणी माजी सैनिक असेल, तर १५ ऑगस्टला त्याच्या गळ्यात हार घालाच. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा. सातबारावर बोजा आहे का, पेन्शनचं काम कुठे अडलंय, विहिरीला पाणी आहे का, एवढं विचारा. आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरच्या बाईलाही विचारा.

पुढच्या वेळी आपण ‘कृतज्ञता’ या विषयाकडे वळू. आज इथेच थांबतो.