ओल्यात बळकट होणारा धागा

लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला मागावर विणलेली पांढरी खादी बाहेरून रंगून नांदेडला येते आणि तिथे तिचे तिरंगे शिवले जातात. हे काम मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं. १९६७च्या या संस्थेमागे स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ, म्हणजे निजामाशी झुंजलेली माणसं होती.

ध्वजाला ऊन, वारा, पाऊस सगळंच सोसावं लागतं. त्यासाठी कापूस किती योग्य आहे, हे त्याच्या तंतूत डोकावलं की कळतं. सरकीच्या सालीवरची एकच पेशी लांबत जाते आणि आतून सेल्युलोजचे थर चढवते. बोंड फुटलं की तिच्यातलं पाणी उडतं, नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. हे पीळ एकमेकांत अडकतात, म्हणून पेळूतून सूत ओढता येतं. व्हिएतनामच्या हा जियांग भागातल्या ह्मोंग बायका भांगेच्या खोडाची साल सोलून तिचे पट्टे जोडत धागा करतात. आपल्या अंबाडीचा वाखही खोडातूनच निघतो, पण आधी तिला पाण्यात कुजवावं लागतं. कापसाचं मात्र बोंडातच अर्धं काम झालेलं असतं.

बहुतेक वनस्पतिज तंतूंप्रमाणे कापूसही ओला झाला की कोरड्यापेक्षा बळकट होतो. त्याच सेल्युलोजपासून कारखान्यात बनलेला व्हिस्कोज मात्र भिजला की निम्म्याच्या आसपास ताकद गमावतो, कारण त्यातल्या साखळ्या आखूड आणि विस्कळीत असतात.

नांदेडच्या गावरान कापसाचं एकेकाळी मोठं नाव होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्याच देशी जातकुळीतून लांब धाग्याचे वाण काढले आहेत. कमी पाण्यात तग धरणारा हा कापूस मराठवाड्याच्या मागांवर पुन्हा यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

३० डिसेंबर २०२१ला ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावरच्या पॉलिस्टर ध्वजालाही परवानगी मिळाली. पॉलिस्टर हलकं असतं, लवकर वाळतं, भिजून जड होत नाही. हे त्याचे गुण खरेच आहेत. पण फाटलेला ध्वज एकांतात, सन्मानाने, शक्यतो जाळून संपूर्ण नष्ट करावा, असंही हीच संहिता सांगते. सुती कापड जळून राख होतं. पॉलिस्टर आधी वितळतं, ठिबकतं आणि मागे काळा, कडक गोळा उरतो.